दोन्ही हातांना पट्टी

“दुखतंय?”

“नाही.”

“मग डोळ्यांत पाणी कशाला? माझं तोंड बघून?”

सिस्टरांनी त्या उंच मुलीचं करंगळीशेजारचं बोट पुन्हा दाबलं. मुलगी कळवळली. उजवा हात, आणि मधलं पेर सुजून लालबुंद. मोडलं नव्हतं, पण सकाळच्या लढतीत कुणाच्या तरी बाहीत अडकून चांगलंच मुरगळलं होतं.

दवाखान्यात बावीस वर्षं काढल्यावर सिस्टरांचा माणसांवरचा विश्वास पार उडाला होता. दुखतंय म्हणणाऱ्याला रजा हवी असते, दुखत नाही म्हणणाऱ्याला घरी पळायचं असतं, आणि ‘मी सकाळपासून उपाशी आहे हो’ म्हणणाऱ्याच्या उशीखाली हमखास बिस्किटांचा पुडा सापडतो, हे त्यांचं शास्त्र. नवरा ‘वजन उतरलं’ म्हणाला, तर त्या आधी काट्याखाली काही सरकलंय का ते बघत. अशा बाईला ज्यूदोच्या स्पर्धेत प्रथमोपचाराच्या टेबलावर बसवत, आणि त्याही बसत, कारण त्यांची लेक खेळायची.

“सिस्टर, कुणाला सांगू नका हं,” मुलगी म्हणाली. “फायनलला समोरच्या पोरीला कळलं ना, तर ती ह्याच हाताच्या मागे लागेल.”

“लागेलच. कुणीही लागेल.” सिस्टरांनी कात्री उचलली. “दुसराही हात कर पुढे. दोन्हींना सारखीच पट्टी मारते, मग बसू दे शोधत. माझ्या तोंडून ब्र निघायचा नाही.”

मुलगी पहिल्यांदाच हसली. समोरची पोर म्हणजे आपलीच छकुली, हे मात्र सिस्टरांनी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ही बया तशीच उठून गेली असती आणि बोट कायमचं वाकडं करून बसली असती. पट्टी झकास बसली. सिस्टरांना थोडं चोरट्यासारखं वाटलं, पण न विचारलेलं सांगायचं कशाला, असं त्यांनी मनाला बजावलं.

दहा मिनिटांनी छकुली आली. नाव छकुली आणि अंगाने दरवाजाएवढी. “आई, केस बांध गं, घट्ट.” केस बांधून घेता घेता, मान खाली घालून, हळूच म्हणाली, “त्या उंच पोरीला काय झालंय? दोन्ही हात बांधलेत.”

“मला काय विचारतेस?”

“तूच बांधलेत ना! कुठला हात गं? डावा की उजवा, एवढंच.”

“छकुले, गप्प बस.”

“संघात एकच जागा आहे, आई. दोन वर्षं पहाटे उठतेय मी.”

ते खरंच होतं. आणि उठवणारं तरी कोण होतं? शब्द सिस्टरांच्या अगदी ओठांवर आला. तीन अक्षरांचा तर शब्द! त्यांनी दात आवळले आणि रबर असा ओढला की छकुली किंचाळली. “मी इथे सिस्टर आहे. आई घरी गेल्यावर. चल, पळ!”

मान वर केली, तर पलीकडच्या बाकावरून ती उंच मुलगी टक लावून बघत होती. तिला ऐकू काही गेलं नसेल, पण मुलीचे केस असे दटावून कोण बांधतं, हे काय सांगायला लागतं?

दोघी गादीवर आल्या, एकमेकींना वाकल्या. लढतीआधी हात मिळवायचा हा इथला रिवाज. छकुलीने हात पुढे केला. उंच मुलीने आपला उजवा हात पाठीमागे नेला आणि तशीच उभी राहिली.

“अगं, हात मिळव की!” कुणीतरी ओरडलं.

“माज बघा माज!”

पंचांनी समज दिली, तरी ती जागची हलली नाही. तिची नजर छकुलीवर नव्हतीच. ती सिस्टरांकडे बघत होती.

लढत सुरू झाली. पहिल्याच झटक्यात छकुलीने तिच्या उजव्या हाताची पकड तोडली. दुसऱ्यांदा पुन्हा उजव्याच हाताची. तिसऱ्यांदा तर मुलीची बोटं कॉलरवर मिटेचनात, आणि पुढच्या क्षणी ती धाडकन पाठीवर आपटली. संपलं. शेवटी छकुलीने पुन्हा हात पुढे केला, तोही तिने घेतला नाही.

छकुलीला कळलं कसं? सिस्टरांना आता स्वतःचाच संशय यायला लागला. आपल्या तोंडावर वाचलं की काय कार्टीने?

छकुली नाचत आली. सिस्टरांनी तिचं मनगट धरून तिला भिंतीकडे ओढलं. “कुठला हात ते कुणी सांगितलं तुला?”

“तिनंच!”

“थापा मारू नकोस.”

“तुझी शपथ, आई. चांगला हात द्यायला कोण घाबरतं? तिने मागे नेला आणि माझी ट्यूब पेटली. नाहीतर मला डावाच वाटत होता. मी त्याच्याच मागे लागले असते बघ, आणि कदाचित हरले असते.”

लेक जिंकली म्हणून सिस्टरांचा ऊर भरून आला होता, आणि त्याच वेळी कुठेतरी तोंड लपवावं असंही वाटत होतं. बर्फाची पिशवी घेऊन त्या पलीकडच्या बाकाकडे गेल्या.

“बोट दाखव बघू.”

मुलीने दोन्ही हात काखेत दडवले. “तुम्हाला? एकदा दाखवलं तेवढं पुरे झालं.”

“अगं, मी नाही सांगितलं तिला.”

“हो ना. तुम्ही काहीच सांगत नाही. ती तुमची मुलगी आहे, हे तरी कुठे सांगितलंत?”

हिच्या जागी आपण असतो तर आपणही तिळभर विश्वास ठेवला नसता. खरं सांगता आलं असतं: बाई गं, तू हात मागे नेलास आणि तूच सांगितलंस. पण ते ऐकून ही पोर घरी काय घेऊन जाणार होती? आत्ता निदान दगा दिला म्हणून कुणाला तरी शिव्या घालता येत होत्या. ते काढून घेतलं, तर आपल्याच हाताने आपण हरलो, एवढंच उरलं असतं.

“चुकलं माझं,” सिस्टर म्हणाल्या.

मुलीने चमकून वर पाहिलं आणि तोंड फिरवलं. बर्फाची पिशवी बाकावर ठेवून सिस्टर टेबलाशी आल्या आणि खुर्ची वळवून बाकाकडे पाठ करून बसल्या, म्हणजे तिला ती पिशवी उचलता येईल.