कॅम्पाचा तवा

दुसऱ्या महायुद्धात आमच्या गावच्या माळावर नव्या शिपायांना शिकवायचा कॅम्प होता. युद्ध संपलं, पलटण गेली आणि गावानं अख्खा कॅम्प घरोघरी वाहून नेला. कुणी पत्रे नेले, कुणी खाटा. माझ्या आजेसासऱ्यांनी भटारखान्यातला भला मोठा तवा आणला. त्याच्यावर मी सणाला पोळ्या करते.

ते सगळं एका खोलीत मांडायचं वेड आमच्या ह्यांनी घेतलं. नाव घ्यायचं तर विरुपाक्ष. किराण्याचं दुकान यांचं, पण लक्ष सदा माळावर. सरपंच विठ्ठलरावांनी शाळेची जुनी खोली दिली, तीही अटीवर. "रविवारपर्यंत भरली तर तुमची. न्हाई भरली तर बियाण्याचं गोदाम."

यांनी लगेच ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून पुकारलं, "कॅम्पातील सरकारी साहित्य ज्यांच्याकडे असेल त्यांनी जमा करावे. नोंद घेतली जाईल."

झालं. जप्ती आली म्हणून गाव हादरलं. शेजारच्या छबुबाईनं म्हशीच्या पाण्याची लोखंडी टाकी गोवऱ्यांखाली गाडली. शहादेवनं कॅम्पाचं दार निळ्या रंगानं रंगवून टाकलं. हे दारोदार फिरले, तर जो तो म्हणे, "कसला कॅम्प? त्या वक्ताला आमी जन्मलोबी नव्हतो."

शुक्रवारी रात्री हे जेवले नाहीत. म्हणाले, "आजोबांनी बोट धरून मला माळ दाखवला. माझ्यामागं कोण दाखवणार, बसम्मा?" मला वाईट वाटलं आणि रागही आला. जन्म गावात काढला, तरी गावाशी बोलायचं कसं ते या माणसाला कळू नये?

सकाळी तवा घासला, खोलीत नेऊन खिळ्याला अडकवला आणि खाली पुठ्ठा लावला : 'मालकीण सौ. बसम्मा. सणाला घरी नेण्यात येईल.'

छबुबाई डोकावलीच. "परत नेता येतंय व्हय?"

"माझाच हाय की. कावून न्हाई येणार?"

"मंग माझी टाकी लई वाईट हाय का? अन् माझं नाव तुझ्याहून ठळक लिव."

दुपारपर्यंत खोलीपुढं रांग लागली. शहादेवच्या दाराचा रंग अजून हाताला लागत होता. एकानं गेल्या वर्षी बाजारातून घेतलेलं घमेलं आणलं आणि ते कॅम्पाचंच म्हणून तासभर भांडला. हे घामाघूम झाले होते, पण चेहरा नवरदेवासारखा फुलला होता.

संध्याकाळी विठ्ठलराव आले. खोली बऱ्यापैकी भरली होती तरी म्हणाले, "बगू, गोदामाचंबी काम हाय." त्यांच्या गोठ्याचं फाटक हेच कॅम्पाचं मुख्य फाटक, आणि ते चार दिवस कडब्याआड होतं, हे सगळ्या गावाला माहीत.

मी म्हटलं, "सरपंच, शहादेवचं नाव लागलं, छबुबाईचं लागलं. तुमचं दिसंना कुठं."

रविवारी सकाळी त्यांच्या ट्रॅक्टरमधून फाटक आलं. खोलीच्या तोंडाशीच बसवलं आणि वर त्यांचं नाव, सगळ्यांत मोठं. त्या नावाखालून बियाण्याची पोती आत न्यायची आता कुणाची छाती आहे?

सणाला मी तवा घरी आणते. त्या दिवशी भिंतीवर नुसता खिळा आणि माझं नाव उरतं. हे पाहुण्यांना तिथंही उभं करतात, कॅम्पाची सगळी हकीकत सांगतात आणि मग पोळी खायला घरी घेऊन येतात.