दाळमिलच्या भिंतीआडचा हातपंप

मी जळगावातल्या एका लहानशा दाळमिलच्या अंगणातला हातपंप. पाय सिमेंटात रोवलेले, त्यामुळे जन्मापासून जागचा हललो नाही. जे पाहिलं, ऐकलं, ते इथूनच.

मिलचे मालक रुपचंदशेठ. बोअरला पाणी लागलं त्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर नारळ फोडला, पेढे वाटले, आणि लगेच गवंडी लावून अंगणाला पुरुषभर उंच भिंत घातली. मिलमधला गडी सुपडू बादल्या भरून न्यायचा आणि भरडण्याआधी तुरीला पाणी मारायचा. मिलचं सगळं काम माझ्यावरच.

भिंतीपलीकडे वस्ती होती. तिथल्याच बाया मिलमध्ये दाळ निवडायला यायच्या. त्यांना इथलं पाणी प्यायची मुभा होती, घरी न्यायची नव्हती. "एकीला हो म्हटलं की सगळी वस्ती येईल," शेठ म्हणायचे. पलीकडे रिकाम्या हंड्यांची आदळआपट ऐकू यायची. माझ्या पोटात पाणी होतं, आणि मी भिंतीआड मुका उभा.

सत्त्याऐंशीच्या उन्हाळ्यात वस्तीत टँकर सुरू झाला. तो यायचा नेमका मिलच्या वेळेला. बाया उशिरा येऊ लागल्या. शेठनी अर्धा खाडा लावून मजुरी कापून पाहिली, उशीर काही थांबेना. एकदा माल न्यायला ट्रक दारात उभा आणि निवडणारं कोणी नाही. बाया आल्या तसे शेठ कडाडले.

बेबाबाई त्यांच्यात वयानं मोठी. पदरानं घाम पुसत ती म्हणाली, "शेठ, टँकर आते येस, मिलच्याच टाइमाला. पानी भरू का दाय निवडू? तुम्हीच सांगा."

त्याच आठवड्यात शेठनी भिंत फोडून वस्तीच्या बाजूला पाणी न्यायला एक लहान दार बसवलं.

"आपण मिल काढलीय की पाणपोई?" धाकटा भाऊ रतिलाल कुरकुरला.

"बाया वेळेवर येतील. त्याच्यासाठीच केलंय," शेठ म्हणाले. आणि ते खरंच होतं.

बाया वेळेवर येऊ लागल्या. पण आणखीही काही झालं. रस्त्यानं जाणारे शेठना रामराम घालू लागले. ईदला वस्तीतली हसीनाबी शीरखुर्म्याचा डबा घेऊन आली. बाजारात कोणी 'पाणीवाले शेठ' म्हटलं, की ते वरवर रागवायचे, आणि अंगणात येऊन माझ्याजवळ उगीच घुटमळायचे.

मग काही वर्षांनी असा उन्हाळा आला, की माझं पाणी खोल गेलं. हापसून हापसून हात दुखायचे, तेव्हा कुठे बारीक धार लागायची. मिल किंवा वस्ती, एकालाच पुरेल एवढं. रतिलाल म्हणाला, "भाऊ, दार बंद कर. पाऊस पडला की उघडू."

शेठ सकाळी कुलूप घेऊन दाराशी आले. बाहेर रांग होती. हसीनाबीला वाटलं, शेठ भांडणं होतात का ते बघायला आलेत. ती लगबगीनं म्हणाली, "शेठ, फिकर नको करा. लाइन सीधी आहे आमची."

शेठनी कुलूप खिशात टाकलं. त्या उन्हाळ्यात पाण्याअभावी दुपारनंतर मिल बंद राहू लागली.

"यात आपल्याला काय मिळतं?" रतिलालनं विचारलं.

"दार गरजेपोटी काढलं होतं रे," शेठ माझ्या दांड्यावर हात टेकवून म्हणाले. "आता मीच त्यात अडकलो."

शेजारी तोतारामभाऊंची मिल. शेठ मधल्या भिंतीपाशी जाऊन त्यांना म्हणाले, "भाऊ, तुमच्याही अंगणात पंप आहे. एक दार तुम्हीही काढा. माझ्या एकट्यानं होत नाही."

तोतारामभाऊ हसले. "शेठ, तुम्हाला तुमचं दार आता बंद करता येतंय का?"

शेठनी नाही म्हणून मान हलवली.

"म्हणूनच मी काढत नाही," तोतारामभाऊ म्हणाले.

आता वस्ती दुपटीनं वाढलीय. माझा दांडा खिळखिळा झालाय. हापसलं की आतून नुसती घरघर होते, पण पहाटेपासून हंडे लागतातच. शेठही थकलेत, तरी दार उघडायला स्वतः येतात. ते तिकडे अडकलेत, मी इकडे.

तोतारामभाऊंचा पंप मला कधी दिसला नाही, आवाज तेवढा येतो. दोनदा हापसलं की त्याला भसाभसा पाणी येतं. संध्याकाळी त्या पाण्यानं ते ट्रक धुतात. कधी त्या बाजूला गेलात, तर तोतारामभाऊंकडे माझ्यासाठी एक शब्द टाका. मला यातून सोडवू नका म्हणावं. सोबतीला तेवढं कोणी तरी द्या.