लग्नात गेलेला वीजपकड्या

मी वीजपकड्या बोलतोय. दुकानात मला ट्रिगर म्हणतात. काडेपेटीएवढा काळा डबा, कॅमेऱ्याच्या डोक्यावर बसतो. समोर लख्ख झालं की माणसाच्या आधी बटण दाबतो. मला एवढंच येतं, पण ते चांगलं येतं.

माझा जन्म कारखान्यातला. तिथलं सांगण्यासारखं काही नाही. खरं आयुष्य सुरू झालं इंडोनेशियात, बोगोरच्या एका दुकानात, पाक जुहाना (पाक म्हणजे तिकडचं 'काका') घाम पुसत आत आले तेव्हा.

जुहाना तीस वर्षं लग्नाचे फोटो काढत होते. नजर छान, पण बोट मंद. नवरीने नवऱ्याला घास भरवला, त्याने तो गिळून पाणी प्यायलं की यांचं खट् व्हायचं. आता बायकोच्या भावाच्या, एंगकोसच्या मुलीचं लग्न होतं आणि एंगकोस म्हणाला होता, "दाजी, राग मानू नका, मी जकार्ताहून माणूस बोलावतोय. तुमच्या फोटोत आमच्या घरातलं कोणी आजवर उघड्या डोळ्यांनी आलेलं नाही."

जुहानांना ते फार लागलं. "भरदिवसा वीज पकडून दाखवतो. मग देशील लग्न?"

"दिलं," एंगकोस म्हणाला. त्याला वाटलं, विषय मिटला.

दुकानातल्या मुलीने दोन डब्या पुढे ठेवल्या. "रात्रीची वीज असेल तर शटर उघडं ठेवून बसा, काहीच लागत नाही. दिवसाची हवी तर हा घ्या. उल्का हव्यात तर मात्र हा टाइमर. तो न बघता एकामागून एक फोटो काढत राहतो. उल्केचा उजेड या बिचाऱ्याला दिसतच नाही."

"दोन्ही जमणारा एखादा नाही का?"

"पाक, दोन्ही जमणारा तर मला नवराही मिळाला नाही."

जुहानांनी मला उचललं.

माझ्या कडेला एक चकती आहे. ती फिरवली की माझी नजर तीक्ष्ण किंवा मंद होते. जुहानांनी ती पार टोकाला नेली. मग काय, त्यांच्या बायकोने, इमासने, कढईवरचं चकचकीत झाकण उचललं, मी खट्. शेजारच्याने वेल्डिंग सुरू केलं, मी खट् खट् खट्. संध्याकाळपर्यंत शेजाऱ्याचे दोनशे बारा फोटो झाले.

"एवढे तर त्याच्या लग्नातही काढले नव्हतेत," इमास म्हणाली आणि रेडिओचा आवाज कमी करावा तशी तिने माझी चकती मागे फिरवली.

तिसऱ्या दुपारी सालाक डोंगरावर ढग उतरले. वरच्या पडवीत कॅमेरा लागला. एंगकोस साक्षीदार म्हणून तळलेली केळी घेऊन हजर झाला. इमास दोरीवरचे कपडे काढत होती. पहिल्याच गडगडाटाला एंगकोस दिसेनासा झाला. मग आभाळ फाटलं आणि मी माझं काम केलं.

तिघांनी फोटो पाहिला. डोंगरावर मुळांसारखी पसरलेली वीज, अगदी स्पष्ट. खालच्या कोपऱ्यात इमासच्या पाठीमागे दडलेला एंगकोस, डोक्यावर तिचा लुंगीसारखा ओला सारोंग, तोंडात अख्खं केळं.

"वीज आली," जुहाना म्हणाले.

"आमचा भाऊही आलाय," इमास म्हणाली. "डोळे उघडे आहेत हो त्याचे."

एंगकोसने केळं गिळलं. "लग्न तुमचंच, दाजी. फक्त हा फोटो..."

"कुठला फोटो?" जुहाना म्हणाले, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याची मोठी प्रत काढायला टाकली.

लग्नात ते मला कॅमेऱ्यावर चढवून घेऊन गेले आणि माझी पंचाईत झाली. शंभर पाहुणे, शंभर फोन. ज्याचा त्याचा फ्लॅश लखलखे आणि मी खट्. छताचे, चपलांचे, कोणाच्या तरी पाठीचे फोटो. जुहानांचा शर्ट घामाने भिजला. "हा माझी लाज घालवणार," ते पुटपुटले आणि मला काढायला त्यांनी हात वर नेला.

तेवढ्यात तिकडच्या रीतीप्रमाणे नवरा-नवरीवर तांदूळ, नाणी, लिमलेटच्या गोळ्या उधळल्या गेल्या. सगळे फोन एकदम उजळले. म्हणजे नेमका क्षण कोणता, ते शंभर जणांनी मला सांगितलं. मी खट्.

नवरी नेनदेन, डोक्यावर जड मुकुट, दोन्ही पाय जमिनीच्या वर, हवेतली गोळी झेलायला तोंड उघडं, डोळे टक्क. शेजारी नवरा, आपण कोणाशी लग्न केलं या विचारात.

एंगकोस त्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिला. "लहानपणी अशीच होती," म्हणाला आणि आचाऱ्यांना काहीतरी सांगायचंय म्हणत उठून गेला.

आता मी जुहानांच्या पिशवीत असतो. पावसाळी दुपारी बाहेर येतो. गेल्या रविवारी एका लग्नात त्यांनी मला हातात घेतलं, जरा विचार केला आणि परत पिशवीत ठेवलं. मी आतून कान देऊन बसलो. पोरं ओरडली, नाणी खळखळली, मग खट्. अर्ध्या श्वासाने चुकलं असेल, पण बोट त्यांचं होतं.

तुम्ही कधी अशा लग्नाला आलात, तर एवढं करा. गोळ्या जरा उंच उडवा. खाली यायला त्यांना थोडा वेळ लागला पाहिजे.