काळ्या कडा

नणंद-भावजय एका घरात नांदतात तेवढं खरं तर पुरे. आम्ही दोघी प्रयोगशाळेतही एकाच टेबलावर काम करतो.

माझं म्हणणं असं, की आमचं एक प्रोटीन मूत्रपिंडाच्या पेशींच्या फक्त कडेला असतं. त्याला शोधून चिकटणारी अँटिबॉडी घातली की कडा हिरव्या चमकतात. दोन वर्षं मी त्या कडांवर जीव टाकला. नणंदबाई म्हणायच्या, "वहिनी, तुझी अँटिबॉडी दिसेल त्याच्या गळ्यात पडते."

शेवटी आमच्या प्रयोगशाळेच्या सरांनी बजावलं, कंट्रोल दाखवा, पडताळणी करा, तरच शोधनिबंध पाठवू. म्हणजे जिवाणूंकडून बनवून घेतलेला त्याच प्रोटीनचा तुकडा अँटिबॉडीला आधी भरपूर खाऊ घालायचा. पोट भरलेला पाहुणा पुन्हा ताटावर बसत नाही. कडा काळ्या राहिल्या तर मी खरी, चमकल्या तर नणंद.

तुकडा फ्रीजरमधून तिनं काढला, मिसळला मी. सूक्ष्मदर्शकात डोकावले. कडा हिरव्यागार. दोन वर्षं पाण्यात.

आता ही सासूबाईंना तिखटमीठ लावून सांगणार, एवढंच माझ्या डोक्यात. ती मात्र तुकड्याची रिकामी नळी उजेडात धरून बसली होती.

"वहिनी, तुझी अँटिबॉडी प्रोटीनचं शेपूट ओळखते ना?"

"हो. का?"

"मी डोक्याकडचा तुकडा काढलाय. शेपटाचा फ्रीजरमध्ये त्याच्या मागे होता."

गप्प बसली असती तर कुणाला कळलं असतं? मला चिडायचं होतं, पण रडूच आलं.

दुसऱ्या दिवशी शेपटाचा तुकडा घालून पाहिलं. कडा काळ्याकुट्ट. इतकं देखणं 'काहीच नाही' मी जन्मात पाहिलं नव्हतं.

सरांनी दोन्ही चित्रं शेजारी ठेवली. "शेपटानं चमक जाते, डोक्यानं जात नाही. आता कोण शंका घेईल? हा डोक्याचा दुसरा कंट्रोल कुणाचा?"

"हिचा," मी म्हटलं. नणंद कानापर्यंत लाल झाली.

घरी सासूबाईंनी विचारलं, "एवढ्या खुशीत का दोघी? काय दिसलं?"

"काहीच नाही," नणंद म्हणाली. "वहिनी पहिल्यापासून खरं बोलत होती. मीच ऐकत नव्हते."

तिखटमीठ तिनं लावलंच नाही.