आरशात शिकलेली काठी

मी काठी बोलतेय. दचकू नका, कुणाला बदडायला आलेले नाही. काठी म्हटलं की लोकांना एक तर भटकं कुत्रं आठवतं, नाहीतर म्हातारपण. माझा दोन्हींशी संबंध नाही. मी वेताची, माणसाच्या उंचीची, दोन्ही टोकांना सारखी. लढाईची कला शिकवणाऱ्या वर्गात जी गरगर फिरवतात ना, ती मी.

माझा जन्म जंगलातला. वेत म्हणजे वेलच. तिथे मी मोठ्या झाडांच्या अंगाखांद्यावर लोळत, वाट फुटेल तशी वाढले. मग कापणाऱ्यांनी कापलं, वाळवणाऱ्यांनी वाळवलं आणि एका कारागिरानं विस्तवाच्या धगीवर धरून माझे सगळे नखरे काढून टाकले. अमका सुतासारखा सरळ झाला, असं लोक सहज म्हणून जातात. सरळ होताना काय वाटतं, ते मला विचारा.

खेळाच्या सामानाच्या दुकानातून मला एका मुलीनं विकत घेतलं. ती रोज संध्याकाळी मला वर्गात न्यायची. तिचे हात हलके होते, पण पकड पक्की होती. आमचं छान जमायचं. पुढे तिला नोकरी लागली, वर्ग सुटला आणि मी दाराआडच्या कोपऱ्यात गेले. तेवढ्यावर थांबलं असतं तरी चाललं असतं. पण तिच्या आईनं एक दिवस माझ्या टोकाला झाडू बांधला आणि मी जळमटं काढायला लागले. मोठमोठे वार झेललेली मी, आता कोळ्यांशी लढत होते! कुणाला सांगणार?

त्या घरातला बाप म्हणजे आमचे कात्रीकाका. गल्लीतले सगळे त्यांना ह्याच नावानं ओळखतात. कोपऱ्यावर त्यांचं केस कापायचं दुकान आहे. दोन खुर्च्या, समोर भिंतभर आरसा, आरशाच्या वर, उंचावर, लांबच लांब फळी, मागच्या भिंतीला गिऱ्हाइकांचा बाक आणि बाकाच्या वर टीव्ही. खुर्चीत बसलेल्यानं टीव्ही पाहायचा तो आरशातून. काकांनी तर उभ्या आयुष्यात टीव्ही दुसऱ्या कुठल्या बाजूनं पाहिलेलाच नव्हता. खेळाडू डावखुरा की उजवा, यावरून ते गिऱ्हाइकांशी हिरिरीनं भांडायचे आणि दर वेळी हरायचे.

तर अशा काकांचा उजवा खांदा आखडला. कारण काही नाही. एके दिवशी दुखायला लागला आणि बघता बघता हात छातीच्या वर जाईना. केस कापणाऱ्याचा हात दिवसभर वर असतो. तोच वर जाईना म्हटल्यावर सगळंच थांबलं. काका गल्ल्यावर बसायला लागले आणि त्यांच्या खुर्चीवर टॉवेल टाकला गेला. घरी शर्टाच्या बाहीत हात काकू घालून द्यायच्या. आणि जगाचा भांग पाडणारा हा माणूस रोज सकाळी स्वतःचे केस विंचरून घ्यायला लेकीपुढे मान खाली घालून बसायचा. लेक चेष्टा करायची, "बाबा, हलू नका, कान कापला जाईल." हे तर त्यांचंच वाक्य, गिऱ्हाइकांना ऐकवायचं. काका हसायचे, पण ते हसणं ओठांपुरतंच असायचं.

दुसऱ्या खुर्चीवर काकूंचा भाऊ काम करायचा. मशीन फिरवण्यात पटाईत, पण कात्री हातात घेतली की त्याला घाम फुटायचा. त्यानंच एक दिवस विषय काढला.

"भाऊजी, किती दिवस असं चालायचं? दोन महिने बघू. हात वर गेला तर ठीक. नाहीतर तुम्ही घरी आराम करा, मी बघतो दुकान."

"बघ की," काका म्हणाले. दुसरं काय म्हणणार? पण त्या रात्री ते जेवले नाहीत, असं काकू लेकीला सांगत होत्या.

डॉक्टरांनी व्यायाम दिला होता. एक काठी दोन्ही हातांत आडवी धरायची आणि चांगल्या हातानं दुखऱ्या हाताला हळूहळू वर न्यायचं. काकांनी घरभर काठी शोधली आणि दाराआड मी सापडले. त्यांनी माझ्या डोक्यावरचा झाडू सोडला. त्या क्षणापासून मी त्यांची झाले.

पण डॉक्टरांचा व्यायाम म्हणजे वर, खाली, वर, खाली. काका चार दिवसांत कंटाळले. मला दुकानात घेऊन गेले आणि सुट्टीच्या दिवशी शटर अर्धं ओढून टीव्हीवर काठीचे व्यायाम शोधत बसले. शोधता शोधता पांढऱ्या कपड्यांतला एक उस्ताद सापडला. तो परक्या भाषेत बोलायचा आणि शिकणाऱ्यांना सोपं जावं म्हणून त्यांच्याकडे पाठ करून काठी फिरवायचा. काका आरशासमोर उभे राहिले. आरशात समोर स्वतः, मागे टीव्हीतला उस्ताद. एका नजरेत दोघे दिसतात म्हणून काका खूश!

इथेच सगळी गंमत झाली. उस्तादाचा उजवा हात पुढे, पण आरशात तो डावीकडे दिसायचा. काकांनी मुकाट्यानं डावा हात पुढे केला. वर म्हणाले, "वा! डाव्या हाताची कला दिसतेय. बरं झालं, आपला उजवा तसाही सुट्टीवरच आहे."

मी काय बोलणार? लेकीबरोबर वर्गात राहिलेली मी, मला सगळं कळत होतं. पण काठीला तोंड असतं तर जगातली निम्मी भांडणं मीच मिटवली असती.

एकट्यानं शिकणं म्हणजे काय ते मी त्या दिवसांत पाहिलं. टोकणारं कुणी नाही आणि शाबासकी देणारंही कुणी नाही. पहिल्याच दिवशी ट्यूबलाइट फुटली. मग दाढीनंतर लावायच्या पाण्याची बाटली गेली आणि दुकानाला आठवडाभर त्याचाच वास येत राहिला. एकदा मी त्यांच्याच नडगीवर बसले. ते मटकन बाकावर बसले, मला म्हणाले, "अगं, मी तुझा शत्रू आहे का?" आणि पुन्हा उठले. रोज दुपारी दुकान रिकामं असलं की बाक सरकवायचे आणि सुरू. माझं एक टोक डाव्या हातात, दुसरं उजव्या हातात. डावा हात मला ओढायचा आणि माझ्याबरोबर उजवाही गुमान यायचा. आधी छातीपर्यंत, मग हळूहळू त्याच्याही वर. पुढे पुढे काकांची नजर माझ्यावर आणि उस्तादावर असायची. स्वतःच्या खांद्याकडे बघायला ते विसरूनच गेले. खरं तर बघायची हिंमतच होत नव्हती. कात्री उचलून बघावी असं त्यांना रोज वाटायचं, हात कप्प्यापर्यंत जायचा आणि ते कप्पा तसाच लावून टाकायचे.

दोन महिने भरत आले. मेव्हण्यानं नवी पाटी रंगवायला टाकल्याची बातमी गल्लीत फिरली. काकांनी लेकीला सांगितलं, "सुट्टीच्या दिवशी दुकानात ये. माझ्या कात्र्या घरी न्यायच्यात. मला एकट्याला जमणार नाही." जमणार नाही ते हातामुळे की मनामुळे, हे तिनं विचारलं नाही.

ती पिशवी घेऊन आली तेव्हा काका मला फिरवत होते. शटरखालून वाकून आत आली आणि उभीच राहिली. तिला हे ठाऊकच नव्हतं. काका थोडे लाजले, पण मग म्हणाले, "बघ तर खरं," आणि सगळं करून दाखवलं. मीही जीव ओतून फिरले. किती दिवसांनी माझी लेक मला पाहत होती.

ती आधी हसली. मग टीव्हीकडे पाहिलं, आरशाकडे पाहिलं आणि कपाळावर हात मारला.

"बाबा, तुम्ही आरशात बघून शिकलात?"

"मग? बरं दिसतं आरशात."

"अहो, सगळं उलटं शिकलात! उजवा हात पुढे असतो. डावा मागे. तुमचं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटं आहे."

काकांचा चेहरा उतरला. 

"म्हणजे ज्या हातासाठी एवढा खटाटोप केला, तो मागेच राहिला? डाव्यालाच कसरत?" ते म्हणाले. "पालथ्या घड्यावर पाणी. जाऊ दे. भर त्या कात्र्या."

लेकीला वाईट वाटलं. तिनं कप्पा उघडला आणि एकेक कात्री फडक्यात गुंडाळायला लागली. काकांनी मला उचललं, आणि वर्षानुवर्षं पावडरचे डबे, टॉवेल, सगळं जिथं ठेवायचे, तिथंच रागानं ठेवून दिलं. आरशावरच्या फळीवर. मी तिथे आडवी पडले. वाटलं, संपलं आपलं. आता पुन्हा झाडू.

तेवढ्यात लेकीनं मान वर केली. लेकीच्या हातातली कात्री तशीच राहिली होती.

"बाबा," ती हळूच म्हणाली. "काठी कुठल्या हातानं ठेवलीत?"

"कुठल्या म्हणजे? नेहमीच्या..."

आणि काका थांबले. त्यांनी आपल्या उजव्या हाताकडे असं पाहिलं, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"परत काढा," लेक म्हणाली.

हात वर आला. हळू, कानाजवळ जरा अडला, मग पुढे सरकला. बोटं फळीपर्यंत पोचली आणि त्यांनी मला धरलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात. पण आरसा समोरच होता आणि काका त्यात बघून लहान मुलासारखे रडत होते. लेकही रडत होती आणि रडता रडता हसत होती.

"अहो, सरळ शिकला असता तर दुखरा हात पुढे करून पहिल्याच दिवशी सोडून दिलं असतं," ती म्हणाली. "डाव्यानं ओढलं म्हणून उजवा आला. डॉक्टर तरी दुसरं काय सांगत होते?"

मला इतकं हलकं वाटलं, की मी पुन्हा जंगलातली वेल झाले असते तरी चाललं असतं. कात्र्या एकेक करून कप्प्यात परत गेल्या.

दुसऱ्या दिवशी मेव्हणा आला. खुर्चीवरचा टॉवेल काढलेला पाहून दारातच थबकला.

"बस," काका म्हणाले. "मानेवर केस वाढलेत तुझ्या."

त्याच्या कानाभोवती कात्री फिरायला लागली, तसा त्यानं डोळे मिटून मोठा सुस्कारा सोडला. "सुटलो, भाऊजी! ताईकडे बघून दुकान सांभाळतो म्हणालो होतो. तुमच्या गिऱ्हाइकांना कात्री लावायच्या नुसत्या कल्पनेनं मला झोप लागत नव्हती."

"आणि पाटीचं काय रे?"

"दोघांची नावं आहेत तिच्यावर. तुमचं वर."

काकांनी त्याचं डोकं अंमळ जोरातच पुढे वाकवलं. त्यांना चेहरा लपवायचा होता.

आता मी दुकानातच राहते, आरशाच्या कडेला. सुट्टीच्या दिवशी लेक येते आणि काकांना उजवा हात पुढे करून शिकवते. काका आधी तिचं सरळ करतात, मग हट्टानं स्वतःचं उलटं करतात. टीव्ही आहे तिथेच आहे. खेळाडूंवरून भांडणंही चालू आहेत.

जाता जाता तुम्हाला एक सांगते. घरी एकट्यानं काही शिकत असाल तर जरूर शिका. लाजू नका. फक्त आधी वर दिव्याकडे बघून घ्या, आणि अधूनमधून कुणाला तरी दाखवा. चुकलंय म्हणून कुणी सांगितलं, तरी लगेच फळीवर टाकू नका. आणि कृपा करून माझ्यासारखीच्या डोक्यावर झाडू बांधू नका.

आज सकाळी लेक कामावर जाता जाता दुकानात डोकावली. सवयीनं कंगवा हातात घेऊनच.

"आण इकडे," काका म्हणाले आणि त्यांनी स्वतःच भांग पाडला. उजव्या हातानं. थोडा वाकडा पडला.

लेकीनं कंगवा परत घेतला आणि हसत कामाला निघून गेली.