दगडाची शीर

त्या मंगळवारी आई उंबऱ्यात बसून अंबाडीची पानं खुडत होती आणि मी तिला कॉलेजच्या अंकात छापून आलेली माझी कविता वाचून दाखवत होते. साल एक्क्याऐंशी. बाहत्तरच्या दुष्काळात आई कळंबच्या रस्त्यावर खडी फोडायला जायची, त्या दिवसांवरची ती कविता.

आईला अक्षरओळख नव्हती, पण या कवितेचा प्रत्येक खर्डा तिनं ऐकला होता. उस्मानाबादला कॉलेजात मराठीचे सर माझ्या वहीतले जास्तीचे शब्द खोडायचे. सुट्टीत गावी आले की आई चुका काढायची. पहिल्या खर्ड्यात कवितेतली बाई दगडावर घावामागून घाव घालत होती.

"ही बाई येडी हाय का, सुजा?" आई तेव्हा म्हणाली होती. "असं बडवल्यावर हात फुटंल, दगड न्हाय. आदी त्येला फिरवून बघायचं. शीर सापडली की एकच टोला. दगड सोताच वाट देतो."

मी आत जाऊन ते वहीत उतरवून घेतलं. त्या शेवटच्या वाक्याभोवती सगळी कविता नव्यानं लिहिली. बावीस ओळींच्या नऊ झाल्या. कॉलेजातल्या काव्यवाचनात सरांनी ती ओळ माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "ही कुठून आणलीस?" मला आई आठवली नाही असं नाही. आठवली.

"सुचली, सर," मी म्हणाले.

"छापलं म्हंजी आता खोडायचं न्हाय?" त्या मंगळवारी आईनं विचारलं.

"नाही."

"बरं झालं. लई कागद खाल्लेस." थोडी पानं खुडून झाल्यावर म्हणाली, "सरांना कंची ओळ आवडली?"

"सगळीच कविता आवडली."

"सगळीच कशी आवडंल? कालवणातबी एखादीच फोड बरी लागती."

मी हसले आणि अंक मिटला.

दुसऱ्या दिवशी खरेदी-विक्री संघाच्या गोदामात पोती शिवता शिवता आई भिंतीला टेकून बसली. बरोबरच्या बायांना वाटलं, दमली असेल. हाक मारायला गेल्या तेव्हा ती गेलेली होती.

आईच्या पुण्यानुमोदनाला बुद्धविहारात वंदना झाली. मग एकेक जण उठून आईबद्दल बोलला. शेवटी पिराजीमामा मला म्हणाले, "पोरी, तुझी ती कविता वाच. आईवरचीच हाय ती."

मी वाचली. त्या ओळीपाशी आले तशी मागं बसलेली, आईबरोबर खडी फोडलेली बनाबाई शेजारणीला म्हणाली, "ह्ये तर मथुराचं बोलणं. खडीवर नव्या बायांना असंच शिकवायची ती."

"आईचंच रगत हाय, बनाबाई," मामा म्हणाले. "लेकीला आपसूक सुचणारच की."

लोकांनी माना डोलावल्या. आता पुढची ओळ वाचली असती तर झालं असतं. सरांना दिलेलं उत्तर मामांनी मला आयतंच पुन्हा हातात दिलं होतं.

मी अंक खाली ठेवला.

"मला सुचली नाही, मामा. ही ओळ आईची आहे. सगळ्यांना तीच आवडली, आणि मी ती माझी म्हणून सांगितली. कोणती ओळ आवडली असं आईनं विचारलं, तरी तिला सांगितलं नाही."