सोपानरावांची तुर्की शिकवणी

आपल्याकडे एक म्हण आहे, आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं. ज्यानं ती रचली त्याला बहुधा मुलंबाळं नसावीत. कारण परीक्षांचे निकाल लागले की घरोघरी उलटंच ऐकू येतं. दुसऱ्याचा तो बाब्या असतो आणि आपलं ते कार्टं. "शेजारच्या पोरीला बघ जरा", "मामाच्या मुलाकडून काहीतरी शीक". तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? मुलांच्या भल्यासाठीच बोलतो आम्ही. कुरुळीचे सोपानरावही हेच म्हणायचे.

उमेदीच्या काळात चाकणच्या बाजारात कांद्याची प्रतवारी करण्यात सोपानरावांचा हात धरणारा कोणी नव्हता. समोर ढीग पडला की त्यांचे हात आपोआप चालायचे. मोठा कांदा इकडे, मध्यम तिकडे, बारीक गोल्टी बाजूला. पुढे जमीन कंपन्यांत गेली, आलेल्या पैशांतून तीन मजली घर उभं राहिलं आणि वरच्या खोल्या शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलांना भाड्यानं गेल्या. सोपानरावांच्या हातांचं काम सुटलं, पण डोळ्यांची सवय सुटली नाही. जित्याची खोड ती! समोर येईल त्या माणसाला ते कुणाच्या तरी शेजारी ठेवून बघत, आणि बघितलेलं तोंडावर बोलून टाकत.

गेल्या हिवाळ्यात त्यांची बायको शालनबाई गेली आणि तळमजल्यावर ते एकटे उरले. एकुलता एक मुलगा अजिंक्य तुर्कस्तानात, बुर्सा नावाच्या शहरात, गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीत होता. बायकोही तिथलीच केली होती. पाच वर्षांची मुलगी होती, देर्या. आपला दर्या आणि त्यांचं देर्या एकच, समुद्र, हे शालनबाईंनी सगळ्या आळीला कौतुकानं सांगितलं होतं. दर रविवारी संध्याकाळी व्हिडिओ कॉल यायचा. भाषा येवो न येवो, शालनबाई नातीशी हातवारे करून तासभर गप्पा मारायच्या आणि सोपानराव मागच्या खुर्चीत बसून ऐकायचे.

आता फोन त्यांच्या हातात असायचा, आणि बोलायला काही नसायचं.

"कशी हाय माझी बाय?" ते विचारत. देर्या बापाकडे बघे. अजिंक्य दोन शब्दांत तिला सांगे, ती एका शब्दात उत्तर देई.

"बरी आहे म्हणते. ठेवू का आबा? बाहेर जायचंय."

फोन बंद झाला की वरच्या मजल्यावरच्या मुलांचा हसण्याखिदळण्याचा आवाज खालपर्यंत येई. सोपानराव टीव्ही लावत, तोही बघत नसत. अशाच एका रविवारी त्यांनी ठरवलं की नातीची भाषा शिकायची. शालनला हातांनी जमलं, आपल्याला तोंडानं तरी जमवायला हवं.

काळेवाडीत झुलेखाबाई तुर्की शिकवतात, असं त्यांच्या एका भाडेकरूनं सांगितलं. झुलेखाबाईंचे यजमान करीमभाई मेकॅनिक होते आणि कामानिमित्त बरीच वर्षं तुर्कस्तानात राहिले होते. बाई तिथे बाजारहाट करता करता भाषा शिकल्या. यजमान गेल्यावर काळेवाडीत परतल्या आणि घरच्या बैठकीत शिकवणी सुरू केली. शिकायला येणारे सगळे कंपनीतले इंजिनियर. त्यांच्यात धोतर-टोपीतले सोपानराव येऊन बसले तेव्हा शेजारी बसलेली तनुजा उठून उभीच राहिली. ती तळेगावची. कंपनी तिला तुर्कस्तानात ट्रेनिंगला पाठवणार होती.

"बसा आजोबा. तुम्हाला कुठली कंपनी पाठवतेय?" तिनं विचारलं.

"आमाला घरचीच कंपनी," सोपानराव म्हणाले.

म्हाताऱ्याचं डोकं तल्लख होतं. साबण, दुकान, दुनिया, हवा असे ओळखीचे शब्द तुर्कीत भेटले की त्यांना बाजारात सोयरे भेटल्यासारखं वाटे. मग तुलनेचा धडा आला. बाई म्हणाल्या, "मराठीत 'पेक्षा' नावाच्या मागून चिकटतो, तसाच तुर्कीत 'दान' नाहीतर 'देन' चिकटतो. 'दाहा' म्हणजे जास्त. आणि सगळ्यांत पुढे ज्याला बसवायचं, त्याच्याआधी 'एन'. करा वाक्यं."

बाकीचे पेन चावत बसले आणि सोपानराव सुसाट सुटले. "ओंकार अजिंक्यदान दाहा आकल्ली." म्हणजे ओंकार अजिंक्यपेक्षा अक्कलवान. मग ओंकार अजिंक्यपेक्षा उंच झाला, मेहनती झाला, श्रीमंत झाला. एकही चूक नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

झुलेखाबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. "दादा, हे दोघं कोण?"

"अजिंक्य माझा पोरगा, ओंकार पुतण्या. धाकटा भाऊ दादासाहेब, त्याचा."

"वाक्यं अगदी बरोबर आहेत. पण तुमचा मुलगा एकदासुद्धा जिंकला नाही."

"बोलल्याबिगर पोरं सुधरत्यात व्हय बाई?" असं म्हणून ते हसले. विषय तिथेच संपला असं त्यांना वाटलं.

त्या रविवारी फोन आला तेव्हा सोपानराव टोपी बदलून बसले होते. "मेरहाबा, देर्या," त्यांनी सुरुवात केली आणि पोरीचे डोळे मोठे झाले. आजोबा आपल्या भाषेत बोलतात! ती धावत गेली आणि एक चित्र घेऊन आली. निळं घर, दारात टोपी घातलेला माणूस. तिनं त्या माणसाकडे बोट दाखवलं आणि मग फोनमधल्या सोपानरावांकडे. अजिंक्य मागे उभा राहून हसत होता. मुलाला असं हसताना त्यांनी कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

सोपानरावांचं मन भरून आलं. आणि मन भरून आलं की या माणसाला कौतुकाची एकच रीत ठाऊक होती. त्यांनी घोकलेलं सगळं पणाला लावून तुर्कीत सांगितलं, की छान आहे, पण आमच्या सायलीचं चित्र तुझ्या चित्रापेक्षा जास्त छान असतं. सायली म्हणजे ओंकारची मुलगी.

वाक्य पुन्हा बिनचूक होतं. देर्यानं ते पूर्ण ऐकून घेतलं. "सायली किम?" तिनं बापाला विचारलं. सायली कोण? मग चित्र उलटं करून टेबलावर ठेवलं आणि ती आत निघून गेली.

अजिंक्यनं फोन जवळ घेतला.

"आबा, मला वाटलं तुम्ही तिच्यासाठी शिकताय. मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं, माझे वडील या वयात तुर्की शिकतायत."

"आरं, तिला उमेद यावी म्हणून बोललो मी."

"मलाही उमेद यावी म्हणूनच फ्लेक्स लावला होतात ना?"

सोपानरावांना आठवायला वेळ लागला नाही. अजिंक्य डिप्लोमाला नापास झाला त्याच वर्षी ओंकार पहिल्या वर्गात आला होता. सोपानरावांनी गावच्या फाट्यावर ओंकारच्या अभिनंदनाचा भलामोठा फ्लेक्स लावला. वर फेटा बांधलेला ओंकार, आणि खाली शुभेच्छुकांच्या रांगेत नापास झालेल्या अजिंक्यचा फोटो. पोराला लाज वाटेल, अभ्यासाला लागेल, हा त्यांचा हिशेब.

"मित्र मला 'काय शुभेच्छुक' म्हणून हाक मारायचे," अजिंक्य म्हणाला. "फ्लेक्स वाऱ्यानं फाटला, पण ते नाव कॉलेज संपेपर्यंत गेलं नाही. मी कधी काही बोललो नाही. आई मध्ये होती म्हणून. पण जे माझं झालं ते देर्याचं होऊ देणार नाही. आता तुम्ही फोन करू नका. मला वाटेल तेव्हा मीच करीन."

पुढच्या रविवारी फोन वाजला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. सोपानराव फोन चार्ज करून समोर ठेवत आणि चहा घेत. भाडेकरू मुलं येता-जाता "काय आबा, बरं आहे ना?" विचारत, पण उत्तराला थांबत नसत. ओंकार तर चार घरं पलीकडेच राहत होता. तोही सणावारालाच यायचा. ज्याला आयुष्यभर उचलून धरलं त्यालाही हा काका नकोसाच होता, कारण सतत कुणाच्या तरी डोक्यावर उभं केलेलं कुणाला आवडतं? एवढ्या मोठ्या घरात त्या माणसाला एका वेळी दोन भांडीसुद्धा लागत नव्हती.

तरी शिकवणी त्यांनी सोडली नाही. तिथे निदान कुणीतरी त्यांना नावानं हाक मारत होतं. त्या दिवशी बाई शब्दांना जोर कसा देतात ते सांगत होत्या. "आपण हिरव्याला मागे शेपूट लावतो, हिरवागार. ते पुढे डोकं लावतात. येशिल म्हणजे हिरवा, येमयेशिल म्हणजे हिरवागार. बेयाझ म्हणजे पांढरा, बेंबेयाझ म्हणजे पांढराशुभ्र." मग त्यांनी आणखी एक जोडी सांगितली. याल्नझ म्हणजे एकटा, यापायाल्नझ म्हणजे ज्याला कुणी कुणी नाही असा एकटा. "सोपानदादा, या शब्दाचं वाक्य करा."

सोपानरावांनी मान खाली घातली. मग हळू आवाजात म्हणाले, "बेन यापायाल्नझम." ते वाक्य त्यांनी स्वतःबद्दल केलं होतं. तनुजानं मान दुसरीकडे वळवली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

सगळे गेल्यावर झुलेखाबाईंनी त्यांना थांबवून चहा दिला आणि सोपानरावांनी झालेलं सगळं सांगून टाकलं.

"दादा, कांदा निवडताना गोल्टीला दुखतं का हो?"

"कांद्याला काय दुखायचंय बाई?"

"तेच म्हणते मी. म्हणून प्रतवारी कांद्याची करावी. माणूस ऐकत असतो."

"पर आमचा बा तरी काय करायचा? उठता-बसता मला म्हणायचा, दादासाहेबाची सर तुला यायची न्हाई. धाकटा असून त्यो पुढं आन् मी मागं. त्यानं आमी मेलो व्हय?"

"मेला नाहीत. पण वडील असं बोलले की काय करायचात?"

सोपानरावांनी कप खाली ठेवला. "मळ्यातल्या विहिरीवर जाऊन बसायचो. अंधार पडस्तोवर. घरात पाऊल टाकावंसं वाटायचं न्हाई."

"तुमचा मुलगाही तसाच गेलाय, दादा. त्याची विहीर तेवढी लांब आहे."

अरे देवा! बापानं दिलेला काटा आयुष्यभर पायात बाळगला, आणि तोच काढून आपण पोराच्या पायात रुतवला! आणि त्याला वळण लावणं म्हणत राहिलो! सोपानरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. डोळे पुसायची त्यांनी लाज धरली नाही.

"आता काय करू?"

"माफी मागा."

"बापानं?"

"ज्याची चूक त्यानं. आणि माफीत 'पण' घालू नका."

फोन करायची मनाई होती, म्हणून त्यांनी आवाजाचा मेसेज पाठवायचं ठरवलं. हे काम तुर्कीपेक्षा अवघड निघालं. पहिल्यांदा बोलता बोलता ओंकार आलाच. पुसून टाकलं. दुसऱ्यांदा ओंकारला टाळलं तर दादासाहेब आला. मग त्यांनी ठरवलं, नुसतं अजिंक्यबद्दल चांगलं बोलायचं. "अजिंक्य, तू..." एवढं बोलले आणि पुढे शब्दच येईना. तू काय? मुलाला काय आवडतं, कशाची भीती वाटते, परक्या मुलखात त्यानं पहिला हिवाळा कसा काढला, यातलं त्यांना काहीच माहीत नव्हतं. ओंकारपेक्षा तो किती कमी आहे एवढंच त्यांना माहीत होतं. ओंकारला बाजूला केल्यावर त्यांच्याजवळ मुलगाच उरला नव्हता. त्या रिकाम्या खोलीत सोपानरावांना आयुष्यातलं सगळ्यांत मोठं भय वाटलं.

शेवटी त्यांनी बटण दाबलं आणि जे खरं होतं तेच बोलले. "अजिंक्य, त्यो फ्लेक्स लावायला नको हुता. देर्याला बोललो तेबी चुकलं. तू कसा हायस, ते मला ठावं न्हाई. इतक्या वर्सांत कधी इचारलंच न्हाई. सांगशील का?"

मेसेज ऐकल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. त्या दिवशीही नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

रविवारी संध्याकाळी फोन वाजला. पडद्यावर अजिंक्य एकटाच होता. देर्या नव्हती, आणि सोपानरावांनी तिला बोलावून दे म्हटलं नाही.

"तुम्ही विचारलंत म्हणून फोन केला," अजिंक्य म्हणाला. "काय सांगू?"

"काय जेवलास, हितनं सुरू कर."

अजिंक्यला हसू आलं, पण त्यानं सांगितलं. मग बर्फात गाडी चालवायची त्याला अजूनही भीती वाटते, हे सांगितलं. गच्चीवर कुंड्यांत मिरच्या लावल्यात, हेही सांगितलं. सोपानराव मध्ये एक शब्द बोलले नाहीत. आई गेली तेव्हा विमान चुकलं आणि तो विमानतळावर एकटाच रडत बसला होता, हे त्यानं सांगितलं तेव्हा मात्र "आरं माझ्या लेकरा" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. फोन ठेवताना पुढच्या रविवारी करतो असं अजिंक्य म्हणाला नाही. सोपानरावांनीही विचारलं नाही. पण आपला मुलगा कोण आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा थोडंसं कळलं होतं.

तर मंडळी, मुलांना एकमेकांच्या शेजारी ठेवून मोजणं ही शिस्त नव्हे, ती घराघरातून चालत आलेली वाईट खोड आहे, आणि ती आपल्यापाशीच थांबायला हवी. खोड आपल्याला आहे की नाही हे बघायचं असेल, तर आज आपल्या मुलाबद्दल एक वाक्य बोलून बघा, ज्यात दुसऱ्या कुणाचंही नाव नाही. सुचलं नाही, तर समजा की तुम्ही त्याला अजून पाहिलेलंच नाही. त्याच्याजवळ जाऊन बसा आणि विचारा. तो अजून तुमच्या घरात आहे तोवर विचारा.